आमदार-खासदारांचे मतदान आणि त्यांचा मतदारसंघ : कोल्हापूरकरांनी पडताळणी कशी करावी

आपल्या लोकप्रतिनिधीने सभागृहात नेमके काय केले आणि ते मतदारसंघाच्या हिताशी कितपत जुळते, हा प्रश्न निवडणुकीच्या तोंडावर पेठेतल्या कट्ट्यापासून गावच्या पारापर्यंत तावातावाने विचारला जातो. त्याचे उत्तर कागदपत्रांतून शोधण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात. हे काम फार अवघड नाही, पण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली की हाती काही लागत नाही. बहुतेक जण प्रथम ‘अमुक विधेयकाला साहेबांनी पाठिंबा दिला की विरोध केला’ हे शोधू लागतात आणि नावानिशी नोंदलेले मतदान फारच थोडे असते हे लक्षात आल्यावर नाद सोडतात. माझ्या मते क्रम उलटा असावा. आधी मतदारसंघ नीट समजून घ्यावा, मग मतदान पाहावे, आणि ‘हे मत देताना सदस्य मोकळा होता का’ हे तपासल्याखेरीज कोणत्याही मतावरून निष्कर्ष काढू नये.

मतदारसंघ म्हणजे तालुका नव्हे

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत आणि दहा विधानसभा मतदारसंघ आहेत : चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. यांपैकी हातकणंगले अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सध्याच्या हद्दी २००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या आणि २००८ मध्ये लागू झालेल्या पुनर्रचनेतून आल्या आहेत. मतदारसंघांची नावे तालुक्यांसारखी असली तरी हद्दी तालुक्यांच्या नाहीत, आणि पहिली गल्लत इथेच होते. कागल मतदारसंघात कागल तालुक्याबरोबर गडहिंग्लज तालुक्याचा काही भाग आणि आजरा तालुक्यातला उत्तूर परिसर येतो. शाहूवाडीत पन्हाळ्याचा भाग आहे. करवीरचे उदाहरण तर फारच बोलके आहे. २०११ च्या जनगणनेत करवीर तालुक्याची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक दिसते, पण तिच्यात कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या आसपासची लोकसंख्या धरलेली आहे. करवीर मतदारसंघात हे शहर येत नाही. त्याऐवजी तालुक्यातील काही गावे, पन्हाळ्याचा भाग आणि जेमतेम छत्तीस हजार वस्तीचा गगनबावडा तालुका येतो. तालुक्याचे आकडे उचलून मतदारसंघाला लावले, तर डोंगरकपारीत विखुरलेल्या वाड्यांचा प्रतिनिधी कागदावर शहरी आमदार ठरतो.

लोकसभेसाठीही हीच काळजी घ्यावी लागते. कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. हातकणंगले लोकसभा मतदारसंघात मात्र शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ यांच्या जोडीला सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा येतात. त्यामुळे हातकणंगल्याच्या खासदारांचा विचार केवळ कोल्हापूर जिल्ह्याच्या आकडेवारीवर करता येत नाही.

हद्द निश्चित करण्यासाठी ही पुनर्रचना करणाऱ्या परिसीमन आयोगाचा आदेश घ्यावा. त्यात ग्रामीण भागाची वाटणी महसूल मंडळांनुसार आणि शहरी भागाची प्रभागांनुसार दिलेली असते. मंडळातील गावांची यादी तहसील कार्यालयात मिळते, परंतु नंतरच्या काळात तलाठी सजा व मंडळांची फेररचना झाली असल्यामुळे ती यादी आदेशाच्या वेळची आहे ना, हे विचारून घ्यावे. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मतदार यादीचे भाग आणि मतदान केंद्रांची यादी पाहणे, कारण कोणते गाव कोणत्या मतदारसंघात मतदान करते यावर तिथे वादच उरत नाही.

मतदारसंघाची घडण कशी मांडावी

गावांची यादी तयार झाली की जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून गावनिहाय आकडे त्यापुढे मांडावेत. एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती व जमाती, साक्षरता, तसेच शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार अशी विभागणी या पुस्तिकेत मिळते. जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ३८,७६,००१ असून तिच्यातील सुमारे ३२ टक्के लोक शहरी भागात राहत होते. पण ही सरासरी एकट्या कोल्हापूर उत्तरलाही लागू पडत नाही आणि एकट्या चंदगडलाही नाही, म्हणूनच गावनिहाय बेरजेचा हा खटाटोप करावा लागतो. धर्मनिहाय आकडे तालुका व शहर पातळीवर मिळतात. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातील जैन समाजाचे प्रमाण पाहायचे असल्यास ते तिथे सापडेल.

जातीनिहाय टक्केवारीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. अनुसूचित जाती-जमाती सोडल्यास जनगणनेतून जातींची प्रसिद्ध झालेली सविस्तर आकडेवारी १९३१ ची आहे. आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आणि त्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरला. ते आकडे हाती येईपर्यंत ‘या मतदारसंघात अमुक समाज इतके टक्के’ असे जे ठामपणे सांगितले जाते, तो कार्यकर्त्यांचा अंदाज असतो. अंदाज म्हणून त्याला किंमत आहे, परंतु तक्त्यात तो जनगणनेच्या आकड्याशेजारी बसवू नये.

लोकसंख्येइतकाच उपयुक्त कागद म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालाचा नमुना २०. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे त्यात ओळीने दिलेले असते. टपाली मतांची नोंद वेगळी असते. दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्र क्रमांकावर विसंबू नये, कारण मतदारसंख्येनुसार केंद्रांची विभागणी वरचेवर बदलते. ‘कुमार विद्या मंदिर, खोली क्रमांक २’ अशा वर्णनावरून आणि गावाच्या नावावरून जुळणी करावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण प्रतिनिधी कोणत्या गावांच्या जिवावर निवडून आले आणि कोणत्या गावांनी त्यांना नाकारले, हे यातूनच कळते. आणि पुढे सभागृहात ते कोणासाठी बोलतात हे जोखण्यासाठी त्याची गरज पडते.

मतदानाची नोंद मुळात कुठे असते

सभागृहातील बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. पीठासीन अधिकारी प्रश्न मतास टाकतात, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात, आणि ज्या बाजूचे बहुमत दिसते तसा निर्णय जाहीर होतो. कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद यात राहत नाही. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी आवाजी मतदानानेच मंजूर केले. मराठा समाजाला दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक २० फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने संमत झाले. पहिल्या विधेयकावर आपल्या आमदारांनी कसे मत दिले हे मतांच्या यादीतून सांगता येणार नाही, कारण तशी यादीच नाही. दुसऱ्यावर सर्वांनी एकच भूमिका घेतली असल्याने त्यातून एका आमदाराबद्दल वेगळे असे काही कळत नाही. सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाचीही तीच गत होऊ शकते. नोव्हेंबर २०१४ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये असे ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाले, तर ३० नोव्हेंबर २०१९ आणि ४ जुलै २०२२ रोजी शिरगणती झाली. शिरगणतीत सदस्य एकेक करून उभे राहतात आणि आपले नाव व क्रमांक सांगतात; तेव्हा मात्र कोण कोणत्या बाजूला होते हे नि:संशय कळते.

लोकसभेत परिस्थिती थोडी बरी आहे. घटनादुरुस्ती विधेयकांना विशेष बहुमत लागत असल्याने त्यांवर मतविभाजन, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवणारे मतदान, होतेच. साडेतीन मिनिटे घंटा वाजते, लॉबी मोकळी केली जाते, दारे बंद होतात, प्रश्न पुन्हा मांडला जातो आणि सदस्य आपल्या जागेवरील बटण दाबतात. फलकावर दिसणारा आकडा ‘दुरुस्तीच्या अधीन’ असतो, कारण यंत्रावर ज्यांचे मत उमटले नाही किंवा चुकीचे उमटले ते चिठ्ठीद्वारे मत नोंदवतात. म्हणून त्या रात्रीच्या बातमीतील आकड्यावर थांबू नये. संसदेच्या संकेतस्थळावरील कार्यवाहीत छापलेली नावांची यादी पाहावी. तिथे नावे आडनावानुसार इंग्रजी वर्णक्रमाने असतात. हातकणंगल्याचे धैर्यशील माने ‘माने’ या आडनावाखाली सहज सापडतील, परंतु कोल्हापूरचे शाहू छत्रपती महाराज यांच्यासारखे नाव ‘शाहू’, ‘छत्रपती’ आणि ‘शहाजी’ अशा तिन्ही तऱ्हांनी शोधावे आणि त्यानंतरच ‘मतदान केले नाही’ असे लिहावे.

विधानसभेच्या कामकाजासाठी महाराष्ट्र विधानमंडळाचे संकेतस्थळ वापरावे. अर्थसंकल्पीय व पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात होते. अधिवेशननिहाय विधेयके, प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही तिथे शोधता येते. एखादी नोंद मिळाली नाही, तर विधानमंडळ सचिवालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. अर्जात ‘आमदारांचे सर्व मतदान’ असे मोघम न मागता विशिष्ट दिनांकाची, विशिष्ट विधेयकावरील मतविभाजनाची नोंद मागावी.

मत कोणाचे, सदस्याचे की पक्षाचे

नोंद सापडली तरी काम अर्धेच झालेले असते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदी कायद्यामुळे) पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे पक्षाने काढलेल्या ‘व्हिप’विरुद्ध, मत देणाऱ्या किंवा पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे पद जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत ते कृत्य माफ केले तरच तो वाचतो. पक्षादेश लागू असताना दिलेले मत हे पक्षाचे मत असते. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ असे मतदान झाले, तेव्हा प्रमुख पक्षांनी आपापल्या सदस्यांना पक्षादेश बजावले होते. अशा मतावरून खासदार कोणत्या पक्षाचे आहेत एवढेच कळते, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असते. उलट टोकाचे उदाहरण म्हणजे महिला आरक्षणाचे विधेयक. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत त्याच्या बाजूने ४५४ आणि विरोधात अवघी दोन मते पडली. जिथे जवळजवळ सगळेच एका बाजूला आहेत, तिथे एका मताचा मतदारसंघाशी संबंध जोडणे व्यर्थ आहे.

याच कसोटीवर कोल्हापूर जिल्हा अभ्यासकाला इतरांपेक्षा अधिक खाद्य पुरवतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील दहापैकी चार आमदार मोठ्या पक्षांच्या चिन्हांबाहेरून निवडून आले : शाहूवाडीतून विनय कोरे आणि हातकणंगल्यातून अशोकराव माने हे जनसुराज्य शक्तीचे, शिरोळमधून राजेंद्र पाटील-यड्रावकर राजर्षी शाहू विकास आघाडीचे, आणि चंदगडमधून शिवाजी पाटील अपक्ष. कायद्याच्या दृष्टीने अनेक पक्षांच्या आघाडीला किंवा युतीला पक्षादेश काढता येत नाही. तो प्रत्येक पक्षाचा स्वतंत्र असतो. दोन आमदारांच्या पक्षाचा आदेश त्या दोघांपुरता असतो, एकाच आमदाराच्या पक्षात आदेश काढणारा आणि पाळणारा बहुधा एकच गृहस्थ असतो, आणि अपक्षाला आदेशच नसतो. फक्त निवडून आल्यावर तो कोणत्याही पक्षात प्रवेश करू शकत नाही, केला तर अपात्र ठरतो. म्हणून या चौघांनी शिरगणतीत किंवा मतविभाजनात दिलेले मत, ‘पक्षाने सांगितले’ ही सबब जवळजवळ नसल्यामुळे, तक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवावे. सत्ताधाऱ्यांबरोबर राहण्याचा निर्णय त्यांनी घेतला असेल, तर तो त्यांचा स्वतःचा निर्णय आहे आणि त्याचा जाब त्यांनाच विचारता येतो.

कधी कधी कोणाचा आदेश खरा हाच वाद असतो. जुलै २०२२ मध्ये विधानसभाध्यक्षांच्या निवडीवेळी (१६४ विरुद्ध १०७) आणि दुसऱ्या दिवशीच्या विश्वासदर्शक ठरावावेळी (१६४ विरुद्ध ९९) शिवसेनेच्या दोन्ही गटांनी आपापले प्रतोद (पक्षादेश बजावणारे सदस्य) खरे असल्याचे सांगितले. राधानगरीचे प्रकाश आबिटकर तेव्हा एकनाथ शिंदे यांच्या गटासोबत होते. शिंदे गटाचे भरत गोगावले यांना मुख्य प्रतोद म्हणून दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी बेकायदा ठरवली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी दोन्ही गटांतील कोणालाही अपात्र ठरवले नाही. अशा मतापुढे ‘पक्षादेशानुसार’ किंवा ‘पक्षादेशाविरुद्ध’ असा एकच शब्द लिहून चालत नाही. तारखा आणि पुढचे दोन्ही निर्णय नोंदवावे लागतात.

गैरहजेरीचा अर्थ लावताना घाई करू नये. ४ जुलै २०२२ रोजी काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले आणि दारे बंद झाल्यामुळे त्यांना आत जाता आले नाही. तटस्थ राहणे, सभात्याग करणे आणि पोहोचूच न शकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही मते तर आपल्याला दिसणारच नाहीत. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचे मतदान गुप्त असते. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, अपक्षाने ती कोणालाही दाखवायची नसते, आणि जनतेसमोर ती कधीच येत नाही. १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी कोल्हापूरच्याच धनंजय महाडिक आणि संजय पवार यांच्यात लढत झाली व महाडिक विजयी झाले. कोणत्या अपक्षाचे मत कुठे गेले याच्या कहाण्या जिल्ह्यात अजून सांगितल्या जातात, पण त्या मतदानाच्या नोंदीत धरू नयेत.

मत नसेल तिथे प्रश्न पाहावेत

जिल्ह्याला सर्वाधिक जाचणारे विषय बहुधा मतास येतच नाहीत. कोल्हापूर शहराची हद्दवाढ, म्हणजे लगतची गावे महापालिकेत घेणे, हा विषय घ्या. १९७२ मध्ये महानगरपालिका झाल्यापासून रेंगाळलेला हा विषय अधिसूचनेने सुटायचा आहे. त्यासाठी सभागृहात विधेयक लागत नाही. इचलकरंजीला दूधगंगेतून पाणी देणारी सुळकूड योजना, शक्तिपीठ महामार्गाचे भूसंपादन, पंचगंगेचे प्रदूषण हे विषयही प्रामुख्याने शासनाच्या निर्णयांतून आणि अर्थसंकल्पातून पुढे सरकतात किंवा अडतात. इथे तारांकित प्रश्न (ज्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी) आणि औचित्याचे मुद्दे हीच नोंद मानावी.

प्रश्नांच्या याद्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक तारांकित प्रश्नाच्या माथ्यावर सदस्यांची नावे आणि कंसात मतदारसंघ असतो, आणि एका प्रश्नावर कित्येकदा दहा-वीस आमदारांची नावे असतात. पहिले नाव ज्याचे, त्याचा प्रश्न वेगळा मोजावा. बाकीच्यांची सही सहप्रश्नकर्ता म्हणून धरावी. मजकूर ‘हे खरे आहे काय’ अशा ठरावीक ओळींनी पुढे जातो आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या ओळीने संपतो; या साच्याला भाषेची धार समजू नये. मधल्या ओळींत गावाचे, बंधाऱ्याचे, कारखान्याचे किंवा रस्त्याचे नाव आहे का, हे पाहावे. तीच गावे आपल्या यादीत कुठे येतात, आणि नमुना २० मध्ये त्या गावांनी कोणाला मते दिली होती, हे ताडून पाहिले की प्रतिनिधीचे लक्ष मतदारसंघाच्या कोणत्या कोपऱ्यावर आहे ते स्पष्ट होऊ लागते.

कोल्हापूर दक्षिणच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते. या मतदारसंघात शहराचे प्रभागही आहेत आणि उचगाव, पाचगाव यांसारखी शहराला चिकटलेली गावेही आहेत. हद्दवाढ हवी असणारे आणि नको असणारे असे दोन्ही मतदार एकाच आमदाराचे आहेत. अशा वेळी मौन हीसुद्धा नोंद असते, आणि ती लिहिताना कोणकोणत्या अधिवेशनांच्या याद्या तपासल्या हे सांगावे लागते. सुळकूडच्या बाबतीत उलट स्थिती आहे : विरोध प्रामुख्याने कागल परिसरातील दूधगंगाकाठचा आणि मागणी इचलकरंजीची, म्हणजे आमदारही वेगळे आणि खासदारही वेगळे. तिथे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींचे प्रश्न शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत.

मंत्र्यांना हे माप लावू नये. हसन मुश्रीफ किंवा प्रकाश आबिटकर मंत्री असताना ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्यामुळे त्यांच्या नावापुढे प्रश्नांची संख्या शून्य दिसली तर ती निष्क्रियता नव्हे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चांतील सहभाग एकत्र मिळतो, आणि मंत्र्यांच्या हजेरीची नोंद नसते हेही तिथे सांगितलेले असते. ही आकडेवारी सुरुवातीला चांगली, पण तिच्यात मतदानाचा कौल नसतो आणि प्रश्न कोणत्या गावाचा होता हेही नसते.

तक्ता आणि मांडणी

एक्सेलमध्ये प्रत्येक नोंदीसाठी एक ओळ ठेवावी : दिनांक, सभागृह, विषय, मतदानाची पद्धत, सदस्याने काय केले, पक्षादेश होता का, आणि मतदारसंघातील कोणत्या भागाशी विषय निगडित आहे. मतदानाच्या पद्धतीचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. ‘आवाजी’ असे लिहिलेल्या ओळीत सदस्याच्या रकान्यात ‘नोंद नाही’ एवढेच लिहावे, पक्षाच्या भूमिकेवरून अंदाजाने ‘होय’ भरू नये. ज्या भाषणात सदस्याने विधेयकाला स्पष्ट पाठिंबा किंवा विरोध व्यक्त केला असेल, ते भाषण वेगळ्या ओळीत नोंदवावे, कारण बोलणे आणि मत देणे यांत कधी कधी अंतर पडते आणि ते अंतरच पुष्कळदा वाचनीय असते.

निष्कर्ष लिहिताना ‘मतदारसंघात ऊस उत्पादक अधिक, म्हणून आमदारांनी असे मत दिले’ अशी कारणमीमांसा टाळावी. ‘मतदारसंघाची घडण अशी, आणि नोंद अशी’ इथवर थांबावे. मांडणी पूर्ण झाली की ती प्रसिद्ध करण्याआधी संबंधित प्रतिनिधींच्या कार्यालयाला दिनांकांसह पाठवावी आणि ज्या ओळींत ‘नोंद नाही’ आहे, त्यांबाबत त्यांची भूमिका लेखी मागावी. उत्तर आले तर ते त्याच ओळीत, ‘सदस्याचे नंतरचे स्पष्टीकरण’ अशा स्वतंत्र रकान्यात, मिळाल्याच्या तारखेसह घालावे.